माती नको, फडके दाबा!



मागच्या सुगीत वावरात ज्वारी काढताना माझ्या काकाच्या पोटरीला इळा लागला. रक्ताची धार लागली. आजी ओरडली, "माती दाबा रे लवकर!" कोणी तंबाखू काढली. मी तर रडायलाच लागलो. पण आईने पिशवीतले धुतलेले फडके घेतले, घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी गच्च दाबून धरली. म्हणाली, "भाऊजी, पाय हलवू नका." बाबांनी 108 नंबरला फोन लावला. दवाखान्यात टाके पडले आणि काका वाचला.

तिथल्या सिस्टरबाईंनी मला सगळे समजावून सांगितले. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. जखम झाली की रक्त आपोआप गोठू लागते. पण धार जोराची असली तर गुठळी टिकत नाही. दंड फुटल्यावर टाकलेले ढेकूळ वाहून जाते ना, तसेच. म्हणून आधी धार अडवावी लागते. दाबायचे ते यासाठी.

आता रक्त लवकर गोठवणारी गॉजपट्टीही निघाली आहे. अमेरिकेचे सैन्य 2008 पासून ती वापरते. तिला केओलिन नावाची पांढरी चिनी माती लावलेली असते. रक्त त्या मातीला लागले की गोठण्याचे काम लवकर सुरू होते. पट्टी जखमेत भरून वरून कमीत कमी 3 मिनिटे दाबावीच लागते. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही स्टार्चपासून रक्त थांबवणारी भुकटी तयार केली आहे.

मी विचारले, "मग आमच्या आजीची माती का नको?" सिस्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "पट्टीतली माती शुद्ध केलेली, पाकिटात बंद असते. वावरातल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वाताने माणूस मरतो."

म्हणून लक्षात ठेवा :

1. माती, तंबाखू, चहापत्ती, राख जखमेवर लावू नका.
2. स्वच्छ फडक्याने गच्च दाबा.
3. थांबले का म्हणून सारखे उघडून बघू नका. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून दाबा.
4. 108 ला फोन करा. मोठ्यांना हाक मारा.
5. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का, ते दवाखान्यात विचारा.

ती पट्टी आमच्या घरी नाही. पण फडके आणि दोन हात सगळ्यांकडे आहेत. आता वावरात जाताना आजीच भाकरीसोबत एक धुतलेले फडके वेगळे बांधून देते.

— इयत्ता चौथी, उमरी