एका रोग्यामागे दहा नोंदवह्या

पावसाळा लागला, की गोमंतकातील आरोग्य केंद्रांपुढे तापाच्या रोग्यांची रांग लागते. रोगी एकच असतो. पण त्याचा ताप हिवतापाचा ठरला तर नोंद एका वहीत, डेंग्यूचा ठरला तर दुसऱ्या, आणि खोकल्यातून क्षय निघाला तर तिसऱ्याच. आपण कोणत्या वहीत बसणार, हे तापाला मात्र ठाऊक नसते. या विखुरलेल्या टेहळणीचे एका सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत विलीनीकरण व्हावे, हा विचार आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो ते कसे व्हावे याचा.

स्वतंत्र मोहिमांना आम्ही नावे ठेवीत नाही. पोलिओचे उदाहरण ताजे आहे. १५ वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, की त्याची वर्दी द्यायची आणि १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेकडे रवाना करायचे, ही शिस्त १९९७ पासून देशभर बाणवली गेली. हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला जानेवारी २०११ मध्ये झालेला पोलिओ हा नैसर्गिक विषाणूचा देशातील अखेरचा रुग्ण ठरला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे याच जाळ्याने गोवराचीही टेहळणी केली. एका रोगासाठी घडविलेले हत्यार दुसऱ्या रोगावर चालते, हे यातून सिद्ध झाले.

परंतु विलीनीकरणाच्या घाईचा एक कटू धडाही आपल्याच इतिहासात आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९५३ साली सुरू झालेल्या मोहिमेने १९६५ पर्यंत हा आकडा सुमारे एक लाखावर आणला. जेथे रोग ओसरला तेथील टेहळणी सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपविण्यात आली. परंतु तो भार पेलण्याइतकी ती सेवा उभीच राहिलेली नव्हती. १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. डीडीटीला दाद न देणारे डास आणि फवारणीच्या औषधांचा तुटवडा ही कारणे होतीच. पण रोग परतल्याची चाहूल वेळीच लागली नाही, हा दोष टेहळणीचाच. घर बांधून होण्यापूर्वी जुन्या घराचे छप्पर उतरविण्यासारखा हा प्रकार होता.

उलट बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये आपल्या सत्तरी तालुक्यात अवतरला. माकडे मरून पडतात ते वन खात्याला आधी कळते. गोचीड पशुवैद्यांच्या परिचयाची. आणि काजूच्या हंगामात रानात राबून तापाने फणफणलेला माणूस येतो तो आरोग्य केंद्रात. ही तीन खाती परस्परांशी बोलली नाहीत, तर रोगाला आयतेच रान मोकळे मिळते. येथे वेगळी टेहळणी कुचकामाची. एकत्र टेहळणीच उपयोगाची.

एकात्मिक रोग टेहळणी प्रकल्प २००४ पासून देशात आहे, आणि २०२१ पासून त्याच्या माहितीसाठी संगणकीय मंचही आहे. परंतु पडद्यावरच्या आकड्यांनी रक्ताची तपासणी होत नाही. आमच्या मते क्रम असा असावा: प्रथम प्रत्येक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ आणि चालू स्थितीतील प्रयोगशाळा, मग खासगी दवाखान्यांकडूनही नियमित वर्दी, त्यानंतरच जुन्या मोहिमांचे कर्मचारी, त्यांचा अनुभव आणि त्यांच्यासाठीचा निधी यांसह विलीनीकरण. माणसे कमी करून वह्या एकत्र शिवणे म्हणजे एकात्मीकरण नव्हे. ती निव्वळ काटकसर होय.

रोग हटला की पैसा हटतो, आणि पैसा हटला की पहारा उठतो. पहारा उठल्याचे फळ काय, ते १९७६ ने दाखविले आहे. ते पुन्हा चाखण्याची वेळ राज्यकर्त्यांनी जनतेवर आणू नये.