घरांतील वीज : खटका, तार आणि सॉकेट

वैशाखांत हिंगोलीस पारा ४० अंशांच्या वर चढला, कीं घरोघरीं कूलर सुरू होतात. वसमत, कळमनुरी येथेंही तोच प्रकार. कूलर, फ्रिज आणि इस्त्री यांचा भार एकाच मार्गावर पडला, कीं फळीवरील एम्. सी. बी. हा खटका वारंवार पडूं लागतो. मग कोणी तरी सल्ला देतो : ‘६ चा काढा, ३२ चा बसवा.’ हा सल्ला घातक कां, तें आज पाहावयाचें आहे.

हा खटका मुख्यतः भिंतींतील तारेचें रक्षण करतो. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेंत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. तारेचें वेष्टन वितळण्यापूर्वीं प्रवाह तोडणें, हें त्याचें काम. ३२ अँपिअरचा खटका बसविल्यानें जुनी बारीक तार जाड होत नाहीं. फक्त पहारेकऱ्याचे डोळे बांधले जातात.

आपल्याकडील लहान सॉकेट ६ अँपिअरचें, मोठें १६ चें. २३० व्होल्टच्या दाबावर पहिल्यांतून १,३८० वॅट, दुसऱ्यांतून ३,६८० वॅट घेतां येतात. २,००० वॅटचा गीझर सुमारें ८.७ अँपिअर ओढतो. त्याचा प्लग मधला जोड लावून लहान सॉकेटांत बसविला आणि मागें १६ चा खटका असला, तर खटक्यास कांहींच वावगें दिसत नाहीं. सॉकेट मात्र तापून काळवंडतें. शिवाय खटका नेमक्या आकड्यावर पडत नाहीं. मानकानुसार १.१३ पट प्रवाह तो तासभर सोसतो, १.४५ पटीस तासाच्या आंत पडलाच पाहिजे. १६ च्या खटक्यास ही मर्यादा २३.२ अँपिअर होते.

म्हणून नियम असा : एकत्र चालणाऱ्या उपकरणांच्या प्रवाहाहून खटका लहान नसावा, आणि तार, बटण व सॉकेट यांतील सर्वांत दुबळ्या भागाहून मोठा नसावा. दिवे-पंख्यांच्या मार्गास ६ चा. गीझरच्या स्वतंत्र मार्गास, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ चें बटण व सॉकेट असल्यास, १६ चा.

उन्हाळ्यांत खटका थोडा लौकर पडतो, कारण त्यांतील धातूची पट्टी उष्णतेनेंच वांकते. पण त्या वेळीं तारेची वहनशक्तीही घटलेली असते. तेव्हां खटका न बदलतां भार कमी करावा, अथवा परवानाधारक वायरमनकडून निराळा मार्ग ओढून घ्यावा. पाण्याच्या कूलरापाशीं धक्क्याचें भय असतें. त्यापासून वांचविण्यास ३० मिलिअँपिअरचा आर्. सी. सी. बी. निराळाच लागतो.