इंजिर्लिकच्या तळावर अडलेला शब्द

कॉन्स्टँटिनोपलमधले अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी जुलै १९१५मध्ये वॉशिंग्टनला तार केली. बंड मोडण्याचं निमित्त पुढे करून एक वंशच संपवण्याची मोहीम चालू आहे, असा तिचा आशय होता. ऑटोमन सरकारने घरादारांतून उठवलेल्या आर्मेनियन लोकांचे तांडे तेव्हा सिरियाच्या वाळवंटाकडे हाकलले जात होते. तुर्कस्तान आजही त्यात झालेले मृत्यू नाकारत नाही. ते योजून घडवले, एवढंच नाकारतो.

अमेरिकेला कल्पना नव्हती, असं म्हणायला त्या तारेने जागाच ठेवली नाही. पण १९५२मध्ये तुर्कस्तान नाटोत आला. सोव्हिएत संघाला लागून असलेला हा दोस्त मोलाचा होता आणि 'वंशसंहार' हा शब्द त्याला झोंबणारा. १९८१मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या एका घोषणेत तो येऊन गेला, तोही ज्यूंच्या संहाराची आठवण काढताना, ओघात. १९९०मध्ये तो शब्द मान्य करणारा सिनेटर बॉब डोल यांचा ठराव सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी अडवला. २०००मध्ये असाच ठराव थांबवा, असं बिल क्लिंटन यांचं पत्र आलं आणि प्रतिनिधिगृहाच्या सभापतींनी ऐन मतदानाच्या तोंडावर तो मागे घेतला.

२००७चा प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. १० ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र समितीने २७ विरुद्ध २१ मतांनी ठराव मंजूर केला. अंकाराने आपला राजदूत माघारी बोलावला. त्याआधीच किसिंजर, ऑलब्राइट यांच्यासह आठ माजी परराष्ट्रमंत्र्यांनी ठरावाविरुद्ध पत्र लिहिलं होतं. एरवी ही मंडळी एका कागदावर सह्या करतील अशी नव्हती. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तर हिशेबच मांडला: इराकमधल्या सैन्याला विमानाने जाणारा सुमारे ७० टक्के माल तुर्कस्तानमार्गे जातो. तुर्कस्तानातला इंजिर्लिकचा हवाई तळ बंद झाला तर काय, या प्रश्नापुढे इतिहास बाजूला पडला. ठराव सभागृहापुढे आलाच नाही. पुढच्या वर्षी बराक ओबामा यांनी प्रचारात तो शब्द वापरण्याचं वचन दिलं आणि अध्यक्षपदाची आठही वर्षं एका आर्मेनियन शब्दप्रयोगाच्या आडोशाने काढली.

युरोपात धीर जास्त होता, कारण पणाला लागलेलं कमी होतं. फ्रान्सने २००१मध्ये वंशसंहाराला मान्यता देणारा एका वाक्याचा कायदा केला. तुर्कस्तानने राजदूत बोलावला, काही कंत्राटं रद्द केली. जर्मनीचं प्रकरण अधिक अवघड, कारण पहिल्या महायुद्धात ती ऑटोमनांचीच जोडीदार. २०१६च्या ठरावात जर्मन संसदेने स्वतःच्या साम्राज्याचाही वाटा कबूल केला. मग जर्मन खासदारांना इंजिर्लिकला जाऊन आपल्या जवानांना भेटणं मुश्कील झालं. वाद चिघळला आणि २०१७मध्ये जर्मनीने आपली विमानं जॉर्डनला हलवली. मान्यतेची इतकी रोकडी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

अमेरिकेत पारडं फिरलं ते २०१९मध्ये. जुलैत रशियाची एस-४०० क्षेपणास्त्रप्रणाली तुर्कस्तानात उतरली. ऑक्टोबरात तुर्की फौजा उत्तर सिरियात, अमेरिकेच्या कुर्द साथीदारांवर चालून गेल्या. २९ ऑक्टोबरला, नेमक्या तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकदिनी, प्रतिनिधिगृहाने ४०५ विरुद्ध ११ मतांनी ठराव संमत केला. डिसेंबरात सिनेटने एकमताने. १९१५बद्दल नवं काही उजेडात आलं नव्हतं. म्हणून मान्यतेमुळे मैत्री बिघडते, ही अंकाराची धमकी मला उलटीच वाटते: मैत्री आधी बिघडली, मान्यता मागाहून आली.

२४ एप्रिल २०२१ रोजी जो बायडेन यांनी निवेदनात तो शब्द लिहिला. आदल्या दिवशी त्यांनी एर्दोगान यांना फोन केला होता. अंकाराने अमेरिकी राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. इंजिर्लिक चालूच राहिलं. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-१६ विमानं विकायला मंजुरी दिली, तेव्हा घासाघीस झाली ती स्वीडनच्या नाटोप्रवेशावरून. एप्रिल २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या स्मृतिसंदेशात 'वंशसंहार' नव्हता. ओबामांचा तो आर्मेनियन आडोसा तेवढा परत आला होता.