सुईविना लस, आणि त्वचेखालची धावपळ

दंडावर एक छोटे यंत्र टेकवतात, कळ दाबतात, हलकासा धक्का बसतो आणि लस टोचून होते. खरे तर 'टोचून' म्हणायलाही जागा नाही, कारण सुई कुठेच नसते. यंत्रातली स्प्रिंग सुटते आणि लशीचा द्रव केसासारख्या बारीक धारेने त्वचेत घुसतो. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची 'झायकोव्ह-डी' ही कोविडवरची लस अशीच देण्यासाठी बनवलेली. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि माणसांसाठी मान्यता मिळालेली ती जगातली पहिली डीएनए लस ठरली.

त्या थेंबात विषाणू नसतो. जिवंत नाही, मेलेलाही नाही. विषाणूचे प्रथिनही नसते. असते फक्त डीएनएचे एक कडे, म्हणजे प्लाझ्मिड, आणि त्यावर कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा जनुक. प्रथिन घडवायचे काम आपल्याच पेशींवर सोपवलेले असते!

यासाठी त्वचाच का? कारण त्वचा ही शरीराच्या गावकुसावरची चौकी आहे. १८६८ मध्ये पॉल लांगरहान्स या बर्लिनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या आणि त्या मज्जापेशी असाव्यात असे त्याला वाटले. त्या निघाल्या पहारेकरी. त्यांच्या खालच्या थरात त्यांच्याच गोतातल्या डेंड्रायटिक पेशी असतात. स्नायूमध्ये एरवी अशी दाट गस्त नसते.

प्लाझ्मिडची वाट मात्र खडतर. आधी पेशीचे आवरण ओलांडायचे, मग केंद्रकाचे. मोजकीच कडी आत पोचतात. तिथे जनुकाची आरएनए प्रत निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि त्वचेतली पेशी परके प्रथिन घडवू लागते. त्याचे तुकडे ती स्वतःच्या पृष्ठभागावर मांडते, जणू तिला खरोखरच संसर्ग झाला आहे. डेंड्रायटिक पेशी असे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून काखेतल्या गाठींकडे निघतात. तिथे असंख्य टी-पेशींमधून नेमका तोच तुकडा ओळखणाऱ्या मोजक्या पेशी सापडतात आणि भराभर वाढतात. काही टी-पेशी बाधित पेशींना मारायला शिकतात, काही बी-पेशींना प्रतिपिंडे बनवायला मदत करतात, तर काही स्मृती म्हणून मागे राहतात.

याहून नवल पुढे आहे. निरोगी पेशीत डीएनएची जागा मुख्यतः केंद्रकात आणि तंतुकणिकांत. बाहेरच्या पेशीद्रवात ते दिसले की 'सीगॅस' नावाचे प्रथिन त्याला चिकटते, 'स्टिंग' या दुसऱ्या प्रथिनाला खबर जाते आणि इंटरफेरॉन हे इशाऱ्याचे रेणू सुटू लागतात. म्हणजे वाटेतच अडकलेली कडीही वाया जात नाहीत. निरोपही डीएनएचा आणि धोक्याची घंटाही डीएनएचीच!

नुसता जनुक देऊन शरीराचा प्रतिकार जागवता येईल, ही शक्यता १९९२ मध्येच दिसली होती. अमेरिकेतल्या संशोधकांनी मानवी वाढ-संप्रेरकाचा जनुक सोन्याच्या सूक्ष्म कणांवर चढवला आणि ते कण उंदरांच्या कानाच्या त्वचेत डागले. उंदरांच्या रक्तात त्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. उंदरांत सहज जमलेली ही गोष्ट माणसांत आणायला मात्र पुढची जवळपास तीन दशके गेली, कारण माणसांत प्रतिसाद फिका पडे. झायकोव्ह-डीच्या प्रत्येक मात्रेत २ मिलिग्रॅम डीएनए होते आणि अशा तीन मात्रा २८-२८ दिवसांच्या अंतराने घ्याव्या लागत. सुमारे २८ हजार स्वयंसेवकांच्या चाचणीतल्या अंतरिम निष्कर्षांत लक्षणे दिसणाऱ्या कोविडविरुद्ध तिची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली. आरएनए लशींच्या सुरुवातीच्या आकड्यांपुढे हे कमीच.

पण डीएनए चिवट असते. ही लस २ ते ८ अंशांवर ठेवायची असली, तरी २५ अंशांवरही किमान तीन महिने टिकल्याचे दिसले. शिवाय विषाणू बदलला तर कड्यावरचा जनुक तेवढा बदलायचा, बाकीची रचना तीच. म्हणूनच आता सगळी चुरस एकाच ठिकाणी आहे: माणसाच्या पेशीत केंद्रकापर्यंत आणखी थोडी कडी कशी पोचवायची. ते जमले, तर तीनऐवजी एखाद-दुसऱ्या धक्क्यातही काम भागू शकेल.