कटिंगनंतर मान मोडून घेताय?

केस कापून झाले, चंपी झाली, की शेवटी मानेला दोन्ही बाजूंना एकेक झटका. ‘कडकन’ आवाज आला, की मान मोकळी झाल्यासारखी वाटते. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज, हा मात्र गैरसमज. सांध्यातील वंगणात होणाऱ्या वायूच्या पोकळीशी त्याचा संबंध असतो.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मुख्य धमन्या मानेतूनच वर जातात. दोन पुढच्या बाजूने. जबड्याखाली बोटे ठेवली, की त्यांचे ठोके लागतात. उरलेल्या दोन मागे असतात. मानेच्या ७ मणक्यांपैकी वरच्या ६ मणक्यांच्या छिद्रांतून त्या दोऱ्यासारख्या ओवलेल्या असतात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान गर्रकन फिरवली, की याच वळणावर त्यांना ताण बसतो. क्वचित धमनीचे आतले अस्तर फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो, तरुण वयातसुद्धा.

झटक्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांनी मान वा डोक्याच्या मागे पूर्वी कधी नव्हते असे दुखू लागले, चक्कर आली, तोल गेला, एकाचे दोन दिसू लागले, बोलणे अडखळले किंवा घास गिळेना, तर ‘मान लचकली’ म्हणून शेकत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

खुर्चीत बसतानाच सांगा, ‘चंपी चालेल, मान मोडू नका.’