9 किलोला लचकणारा कणा

हैदराबादेत नारायणगुड्याच्या उड्डाणपुलाखाली गॅसची ऑटो थांबते. पोरगेला गडी लाल सिलिंडर कलता करतो, पोटाशी ओढतो, दम भरतो आणि हुप्! गेला खांद्यावर. आत गॅस 14.2 किलो, वरचं लोखंड जवळपास तेवढंच. म्हणजे 30 किलो. त्यात काय एवढं?

थांबा, हिशेब मांडू. हाच सिलिंडर तुम्ही-आम्ही कमरेतून वाकून, हातभर पुढे धरून उचलतो. वजन मणक्याच्या 40 सेंटीमीटर पुढे, ते तोलणारे पाठीचे स्नायू जेमतेम 5 सेंटीमीटर मागे. आठपट आखूड दांडी! 30 किलोला मागून ओढ हवी 240 किलोची. शिवाय स्वतःचं धड, धरा 40 किलो, वीतभर पुढे लोंबतंय. त्याचे आणखी 180. झाले 420 किलो! 25 किलोची जवळजवळ 17 तांदळाची पोती, आणि तीही उस्मानिया बिस्किटाएवढ्या एका चकतीवर.

खरी गंमत पुढेच आहे. प्रयोगशाळेत स्नायू काढलेल्या कमरेच्या कण्यावर भार ठेवला, तर तो 9 किलोच्या आसपासच लचकला. 9 किलो म्हणजे पाण्याची एक कळशी! मग ही 17 पोती पेलतं कोण?

पोटाच्या आतला पट्टा. पोटाला वेढणारा खोलवरचा आडवा स्नायू, मणक्यांना बिलगलेले बारीक स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. चौघांनी आवळलं की पोटाचा घट्ट डबा होतो. हात हलायच्या आतच हा आडवा स्नायू कामाला लागलेला असतो! वजन उचलणाऱ्या पैलवानांच्या पोटात दाब पाऱ्याच्या 150 मिलिमीटरवर जातो. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर दोन मीटर पाण्याचा दाब, परसभर खोल बुडी!

सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात डोक्यावर 135 किलो पेलले. साडेचार भरलेले सिलिंडर! एकूण 248 किलो, रौप्यपदक. सोनं हुकलं ते अवघ्या 1 किलोने.

आता पुलाखाली परत. गड्याच्या दिवसाला 60 उचली धरू. त्याने आपल्यासारखं वाकून उचललं असतं, तर 60 गुणिले 420, म्हणजे रोज 25 टन. पाच-सहा हत्ती! वर्षाचे 300 दिवस धरले तर साडेसात हजार टन. रिकाम्या डब्यांच्या 22 डबी आठ एक्स्प्रेस गाड्या, सगळ्या त्या एका बिस्किटावरून! आणि उंची? दर उचलीला 80 सेंटीमीटर, दहा वर्षांत 144 किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता आभाळात उभा केला, तर जवळपास एवढाच. अवकाशाची वेस 100 किलोमीटरवर मानतात. गड्याचा सिलिंडर ती ओलांडून गेला!

पण तो हातभर पुढे धरतच नाही. पोटाशी घेतो, अंतर निम्मं करतो, सिलिंडरसाठी लागणारी ओढही निम्मी होते. आठांतल्या दोनेक गाड्या तिथेच वाचल्या. विचारलं तर म्हणतो, "पैले दम भरना, बाद में उठाना."

उद्या पाण्याचा जार उचलताना एवढंच करा: जवळ घ्या, आणि पोटावर गुद्दा बसणार असल्यासारखं पोट आवळा. हा पट्टा विकत घ्यावा लागत नाही.