शिंपल्यांची तावदाने

खिडकीच्या चौकटीत काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवून तयार केलेली तावदाने. पोर्तुगीज अमदानीत काच दुर्मिळ व महाग असल्याने गोव्यातील घरांत व चर्चवास्तूंत ती प्रचारात होती. पोर्तुगीज भाषेत या शिंपल्यांना कारेपा म्हणत. फिलिपीन्समध्येही अशा खिडक्या आढळतात. तेथे हा शिंपला कापिझ या नावाने प्रसिद्ध आहे.

प्लॅक्युना प्लॅसेंटा या द्विपुट मृदुकाय प्राण्याचा हा शिंपला असून तो खाडीमुखातील व उपसागरातील उथळ, चिखलट तळावर राहतो. गोव्यात झुआरी नदीच्या मुखाजवळ नावशी येथे त्याचा आढळ आहे. शिंपला वाटोळा व जवळजवळ सपाट असतो. अभ्रकाप्रमाणे एकावर एक बसलेल्या कॅल्साइटाच्या अतिशय पातळ थरांचा तो बनलेला असल्यामुळे त्यातून प्रकाश येतो, मात्र पलीकडचे दृश्य दिसत नाही. उन्हाची तिरीप मवाळ होऊन खोलीत पसरते.

या सोयीचे महत्त्व कोकणातील पावसाळ्यात ध्यानी येते. कुडाळ व सावंतवाडीकडील जुन्या घरांतून लाकडी गज आणि फळ्यांच्या झडपा हीच सर्वसाधारण रीत. पावसाची झड आली की झडपा लावाव्या लागतात आणि माजघरात भर दिवसा अंधार होतो. शिंपल्यांची खिडकी मिटूनही उजेड देते. शिवाय तुकड्यांमधील बारीक फटींतून थोडी हवा खेळती राहते.

रचना साधी असते. लाकडी चौकटीत खाचा पाडलेल्या अरुंद पट्ट्या बसवतात व चौकोनी कापलेले शिंपले त्या खाचांतून एकापुढे एक सरकवतात. शिंपला खाचेत केवळ धरलेला असतो, चिकटवलेला नसतो. त्यामुळे एखादा फुटल्यास तेवढाच बदलता येतो. आधुनिक दुहेरी काचेच्या हवाबंद तावदानाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कडेचे बंधन निकामी होऊन आत दमट हवा शिरली की दोन्ही काचांमध्ये बाष्प साचते. बाहेरून पुसून ते जात नाही आणि बहुधा संपूर्ण जोडकाच बदलावी लागते.

शिंपल्यांची खिडकी बिघडते ती बहुधा लाकडापासून. पट्ट्या कुजतात, त्यांना वाळवी लागते, खाचा रुंदावतात आणि तुकडे निसटून पडतात. लोखंडी खिळे गंजून फुगतात. त्यामुळे लाकूड चिरते व लगतच्या शिंपल्यावर दाब येऊन तोही तडकतो. खाऱ्या व दमट हवेत पितळी किंवा तांब्याचे खिळे त्यामानाने टिकतात. शिंपल्याचे थर कडेपासून सुटू लागले म्हणजे तो पांढुरका व ठिसूळ होतो. अशा तुकड्यावर व्हार्निश चढविण्याचा मोह टाळणे बरे. लेप पुढे पिवळा पडतो व काढताना थर सोबत येतात. सफाईसाठी साधे पाणी व मऊ कुंचला पुरतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांसारखे आम्ल पदार्थ कॅल्साइट विरघळवितात, म्हणून भांड्यांना उपकारक ठरणारी ही द्रव्ये येथे घातक आहेत. दुरुस्तीसाठी चौकट आडवी ठेवून एका टोकाची पट्टी सोडवितात, शिंपले क्रमाने बाहेर काढून खुणा करून ठेवतात आणि कुजलेल्या पट्ट्या तेवढ्या नव्या घालतात.

खरी अडचण नव्या शिंपल्यांची आहे. २००१ मध्ये ही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत समाविष्ट झाली. तेव्हापासून समुद्रातून शिंपले आणवून खिडकी भरण्याचा जुना मार्ग मोकळा राहिलेला नाही, आणि खाडीमुखांवरील ताण पाहता ते योग्यच म्हणावे लागेल. त्यामुळे जुन्या खिडकीतील प्रत्येक धड तुकड्याला मोल आले आहे. घर दुरुस्त करताना संपूर्ण झडप काढून टाकण्यापेक्षा दोन मोडक्या झडपांतील शिंपले एकत्र करून एक भरणे आणि उरलेल्या चौकटीत दुधी काच घालणे हा मार्ग अधिक शहाणपणाचा. दुधी काचेतून प्रकाश बऱ्याच अंशी तसाच पसरतो, परंतु ती जड असते व पातळ पट्ट्यांना तिचे वजन पेलत नाही; म्हणून चौकट आधी मजबूत करून घ्यावी लागते. ॲक्रिलिकाचे पत्रे हलके असले, तरी त्यांवर लवकर ओरखडे उमटतात.